मुंबईची फेरी वाया का जाते?

परभणीच्या स्थानकावर संध्याकाळी देवगिरी एक्स्प्रेसची वाट पाहणाऱ्या गर्दीत दवाखान्यासाठी निघालेली माणसे लगेच ओळखू येतात. हातात कापड दुकानाची पिशवी, तिच्यातून वर आलेले एक्स-रेचे पाकीट, बाकावर पदर ओढून बसलेली म्हातारी आणि तिच्याभोवती चार-पाच नातेवाईक. उद्या सकाळी नेमके कोणत्या दारात जायचे, कोणाला भेटायचे, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते. ‘मुंबईला दाखवायचे’ एवढेच घरात ठरलेले असते.

आपल्याकडून मुंबई रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. जाण्या-येण्यात दोन रात्री, मध्ये एक किंवा दोन दिवस, सोबतच्या माणसांची बुडालेली मजुरी, बाहेरचे खाणे, टॅक्सीचे भाडे. एवढे करून पहिल्या फेरीत हाती काय लागते? अनेकदा एक केसपेपर आणि ‘हे हे घेऊन पुन्हा या’ अशी चिठ्ठी. तालुक्याच्या गावी इतकी वर्षे दवाखाना चालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, मोठ्या आजारात उपचार सोडून देणारे रुग्ण आजाराला कंटाळून सोडत नाहीत. ते फेऱ्यांना कंटाळतात. पहिली फेरी वाया गेली, दुसरी अर्धी वाया गेली की तिसरीला घरातून माणूस निघत नाही. पण वाया जाणाऱ्या फेऱ्यांपैकी बऱ्याचशा इथे, आपल्या गावातच, वाचवता येण्यासारख्या असतात.

एक उदाहरण सांगतो. पंचेचाळिशीतले गृहस्थ, स्वतःची थोडी शेती आणि बाकी रोजंदारी. वीस वर्षे तंबाखू. गालाच्या आतल्या बाजूला जखम झाली होती, महिना उलटला तरी भरत नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी तुकडा काढून तपासला, कर्करोग निघाला. गावातल्या कोणीतरी सांगितले म्हणून मला न भेटता थेट मुंबई गाठली. तिथे रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी विचारले, स्लाइड आणि ब्लॉक कुठे आहेत? ते तर प्रयोगशाळेतच होते. परत आले, तर प्रयोगशाळेचे डॉक्टर लग्नासाठी बाहेरगावी. आठ दिवस गेले. दुसऱ्या फेरीत ब्लॉक दिला. स्कॅनची आणि दात तपासण्याची पुढची तारीख मिळाली. ती तारीख नेमकी सोयाबीनच्या काढणीत आली. चार महिन्यांनी ते माझ्याकडे आले तेव्हा जबडा सुजलेला होता आणि तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नव्हते. म्हणाले, “साहेब, ते ब्लाक मागायलेत म्हनले. आता ब्लाक काय असतंय ते आमाला काय ठावं?” पुढे शस्त्रक्रिया झाली, पण जी गालापुरती झाली असती ती अर्धा जबडा काढण्यावर गेली.

तर ब्लॉक म्हणजे काय ते सांगतो. शरीरातला तुकडा तपासायला दिला की प्रयोगशाळेत तो मेणाच्या लहान ठोकळ्यात बसवतात. हा ब्लॉक. त्याचे अतिशय पातळ काप करून काचेवर रंगवतात. ती स्लाइड. कर्करोगाच्या मोठ्या रुग्णालयात बाहेरचा कागद पाहून उपचार सुरू करत नाहीत. त्यांचे स्वतःचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली ती स्लाइड पुन्हा पाहतात, लागल्यास ब्लॉकमधून नवे काप काढतात. ही पद्धत योग्यच आहे. रोगाचा प्रकार चुकीचा ठरला तर सगळा उपचार चुकेल. म्हणून तुकड्याची तपासणी झाली असेल तर निघण्यापूर्वी प्रयोगशाळेत जाऊन ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. सही करून देतात. स्लाइड काचेची असते, सदऱ्याच्या खिशात ठेवली तर गाडीच्या गर्दीत फुटते; प्लॅस्टिकच्या लहान डबीत कापूस घालून ठेवावी. ब्लॉक मेणाचा, तो उन्हात किंवा मोटारीच्या काचेपाशी ठेवू नये.

स्कॅनचेही तसेच. रिपोर्टचा कागद म्हणजे दुसऱ्या डॉक्टरचे मत. शस्त्रक्रिया करणाऱ्याला चित्रे स्वतः पाहायची असतात, म्हणून फिल्म आणि सीडी दोन्ही न्याव्यात. जुने कागद तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये ठेवावेत, सर्वांत नवा वर. आमच्याकडे लोक औषधांच्या रिकाम्या पाकिटांची पुरचुंडी घेऊन येतात. त्याबद्दल हसू नये, माझ्या दृष्टीने ती फार उपयोगी गोष्ट आहे. गोळी कोणती चालू आहे हे आठवण्यापेक्षा पाकीट दाखवणे केव्हाही बरे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो, आणि तो काही जणांना स्वार्थी वाटेल. मुंबईला जाण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरला सांगा आणि त्याच्याकडून चिठ्ठी घ्या. बहुतेक लोक सांगत नाहीत. डॉक्टर रागावतील, आपल्यावर विश्वास नाही असे त्यांना वाटेल, असा संकोच असतो. काही डॉक्टर रागावतातही, हे मी नाकारत नाही. पण चिठ्ठी मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि ज्याला राग येतो त्याने तो गिळावा.

या चिठ्ठीत काय असते? आजार कधी सुरू झाला, आतापर्यंत काय दिले, कशाचा उपयोग झाला नाही. रक्तदाब, साखर, दमा, फिट यांपैकी काय आहे, कोणत्या गोळ्या किती वर्षे चालू आहेत. कोणत्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठले होते. आधी कोणते ऑपरेशन झाले. मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला एका रुग्णासाठी मोजकी मिनिटे मिळतात. त्या मिनिटांत घाबरलेली, नव्या जागी बिचकलेली बाई सगळा इतिहास सांगू शकत नाही. तिचा मुलगा तर पुण्याहून थेट आलेला, त्याला आईला मधुमेह आहे एवढेच ठाऊक. पानभर चिठ्ठी तिथे तिच्या वतीने बोलते.

चिठ्ठी घ्यायला आलात की आणखी एक काम होते. साखर आणि रक्तदाब आम्ही इथेच आठ-पंधरा दिवसांत ताळ्यावर आणू शकतो. साखर फार वाढलेली असेल तर तिथे पेट स्कॅन पुढे ढकलतात. रक्तदाब चढलेला दिसला तर भूल देणारे डॉक्टर ऑपरेशन लांबवतात. शिरेतून औषध देऊन करायच्या सीटी स्कॅनपूर्वी मूत्रपिंडाचे काम कसे आहे हे पाहण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन बघतात; ही साधी तपासणी आहे, तालुक्यातही होते. यांतल्या एकेका गोष्टीपायी लोक अकराशे किलोमीटरचा प्रवास करून हात हलवत परतलेले मी पाहिले आहेत.

प्रवासाच्या दिवशीच्या गोळ्यांविषयी विशेष सांगायला हवे. ‘उपाशी या’ म्हटले की आपले लोक सगळेच बंद करतात. पाणी बंद, रक्तदाबाची गोळी बंद. उलट काही जण उपाशी असूनही इन्सुलिन टोचून घेतात, कारण ते रोजचे आहे. मग रांगेत घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. हे साखर उतरल्याचे लक्षण आहे. अशा वेळी तपासणी राहिली तरी चालेल, पण शुद्धीवर असलेल्या माणसाला ताबडतोब साखर किंवा ग्लुकोज द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता त्याला लगेच डॉक्टरांपुढे न्या. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घेता येतात, तरी कोणती घ्यायची आणि कोणती नाही हे निघण्यापूर्वी विचारून कागदावर लिहून घ्या. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, आणि चालू आहे हे सांगायला विसरू नका.

बायकांच्या बाबतीत निराळाच त्रास. गाडीतल्या संडासात जायला नको म्हणून आदल्या दुपारपासून पाणी पीत नाहीत. पासष्ट वर्षांची बाई, वर उन्हाळ्याचे दिवस, अंगात ताप. मुंबईत उतरेपर्यंत तोंड कोरडे आणि लघवीला आग. मग मूळ आजार बाजूला राहतो. त्यांना खालचा बर्थ घ्या, सोबत बाईमाणूस द्या आणि पाणी प्यायला लावा.

सोबत कोण जावे? आमच्याकडे भाड्याची जीप करून सात-आठ जण जातात. प्रेम असते, शंका नाही. पण दवाखान्याच्या खोलीत शेवटी एकालाच आत सोडतात, आणि तो बहुधा गाडीचे पैसे देणारा चुलतभाऊ असतो. मी म्हणतो, दोघे जा. त्यातला एक असा असावा जो दर फेरीला येऊ शकेल आणि डॉक्टर बोलतील ते वहीत लिहून ठेवील. सहावी-सातवी शिकलेली सूनही हे काम उत्तम करते. दर वेळी नवा माणूस गेला की दर वेळी पहिल्यापासून सुरुवात.

इथे एक नाजूक गोष्ट काढतो. “डॉक्टर, पेशंटला काही सांगू नका,” हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. आजोबांना सांगायचे की पोटात गाठ आहे, साधीच आहे, आणि न्यायचे परळला. अहो, ‘टाटाला नेले’ या दोन शब्दांचा अर्थ आपल्या वाडी-तांड्यावरच्या पोरालाही कळतो. ते रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे आहे, आणि ऐंशीहून अधिक वर्षे सगळा देश त्याला एकाच आजारासाठी ओळखतो. आजोबा आत पाऊल टाकताच समजतात. त्यांना समजले आहे हे मुलांना समजत नाही, आणि मग दोन्हीकडून नाटक चालू राहते. त्यांना विचारायचे असते, हे ऑपरेशन करून मी किती दिवस चालता-फिरता राहीन? आणि विचारायला माणूस नसतो. ज्याचे शरीर आहे त्याला निघण्यापूर्वी घरीच, आपल्या माणसांत, सांगावे असे माझे ठाम मत आहे. सांगायला जमत नसेल तर मला बोलवा, मी येऊन सांगतो. सांगितल्यावर माणूस खचतो असे म्हणतात. दोन दिवस खचतो. नंतर तोच पिशवी भरायला लागतो.

मुंबईच्या वाटांविषयी थोडेसे. परळ भागात टाटा, महापालिकेचे केईएम आणि मुलांचे वाडिया ही रुग्णालये जवळजवळ आहेत. तिकडे जायचे असेल आणि गाडी दादरला थांबत असेल तर शेवटच्या स्थानकापर्यंत जाऊ नये. दादर-परळ भागात रिक्षा नाहीत. टॅक्सी किंवा बेस्टची बस. सकाळच्या गर्दीच्या वेळी रुग्णाला घेऊन लोकलमध्ये चढण्याचे धाडस करू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वार. महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांत प्रत्येक पथकाचा बाह्यरुग्ण विभाग ठरावीक वारी असतो. तो केसपेपरवर लिहिलेला असतो, तरी लोक गावच्या बाजाराचा दिवस सांभाळून निघतात आणि भलत्याच वारी पोचतात.

पैशांची बाजू. रेल्वेच्या अनेक सवलती मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, पण रुग्णांच्या ११ गटांच्या सवलती चालू राहिल्या, हे आपल्याकडे फारसे माहीत नाही. उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत मूळ भाडे माफ असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आणि डायलिसिससाठी जाणाऱ्यांनाही सवलत आहे. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालयाकडून लागतो, म्हणून पहिल्या फेरीतच तो मागून घ्यावा. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या भाड्यात प्रवास सुरू झाला, तो स्थानकापर्यंतच्या प्रवासाला उपयोगी पडतो.

उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्या शेजारचा नांदेड होता. २०१७ मध्ये नाव बदलले. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. दाखल होण्याआधी त्याला भेटावे, बिल भरून झाल्यावर भेटण्यात अर्थ नसतो. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही न्यावे, आणि दोन्हींवरचे नाव एकसारखे आहे का ते घरीच पाहावे. एकावर ‘सेवंता’ आणि दुसऱ्यावर ‘शेवंताबाई’ एवढ्याने काम अडते, आणि दुरुस्ती मुंबईत होत नाही, आपल्या तहसीलमध्ये होते. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांनाही १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ असलेला बरा. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. अशा ठिकाणी रुग्णालयाची चिठ्ठी मागतात, तेव्हा तिथल्या समाजसेवा विभागात चौकशी करूनच जावे. फुटपाथवर पथारी टाकण्याची वेळ बऱ्याचदा माहिती नसल्यामुळे येते. (रुग्णालयाच्या फाटकाबाहेर ‘लवकर नंबर लावून देतो’ म्हणणारे भेटतात, त्यांना एक रुपयाही देऊ नका.)

एवढे सांगून झाल्यावर उलट बाजूही मांडतो. प्रत्येकाने मुंबईलाच जायला हवे का? कर्करोगासाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. खेड्यांतल्या कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे काम तिथे १९८७ पासून चालू आहे आणि टाटा रुग्णालयाशी त्यांचा जुना संबंध आहे. किरणोपचार म्हटले की पाच-सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस जावे लागते. तेवढे दिवस मुंबईत काढण्यापेक्षा, निदान आणि आराखडा मुंबईत करून उपचार जवळ घेता येतील का, हे तिथल्याच डॉक्टरांना विचारावे. ते रागावत नाहीत. उलट गर्दीने ते स्वतःच त्रासलेले असतात. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. सलाइनमधून द्यायच्या औषधांसाठी एवढी सोय झाली तरी देवगिरीची गर्दी कमी होईल. आपल्या लोकप्रतिनिधींना लग्नात भेटता तेव्हा हे जरूर विचारा.

एक गोष्ट मात्र मला खटकत आली आहे. घरातल्या कर्त्या पुरुषाला दुखले की पंधरा दिवसांत मुंबई होते. बाईच्या छातीत गाठ लागली तर ती आधी दिवाळीनंतर, मग मुलीच्या लग्नानंतर. गाठ दुखत नाही, म्हणून तिचीही घाई नसते. न दुखणारी गाठ जास्त काळजीची, हे मी दवाखान्यात बसून सांगत राहतो. अशा वेळी तरी मुंबईचे नियोजन होईपर्यंत थांबू नका, आधी इथे दाखवा.

आणि परत येताना विचारायची एक गोष्ट. ‘पुढचे यातले काय काय आमच्या गावच्या डॉक्टरकडे करता येईल?’ असा प्रश्न करा आणि उत्तर केसपेपरवर लिहून मागा. मोठ्या रुग्णालयांतल्या माझ्या डॉक्टर बंधू-भगिनींनाही विनंती आहे की, आम्ही पाठवलेल्या चिठ्ठीला दोन ओळींचे उत्तर द्या. काय सापडले, काय केले, आता आम्ही काय पाहायचे. ते न कळल्याने इथे आम्ही अंधारात असतो आणि रुग्ण साध्या ड्रेसिंगसाठी गाडीत बसतो. गेल्या वर्षी एक आजी ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी टाके काढायला पुन्हा मुंबईला निघाल्या होत्या. तिकीट काढून झाले होते, नातू सुटी घेऊन आला होता. गोळ्या संपल्या म्हणून जाता जाता माझ्याकडे थांबल्या, तेव्हा मी कागद पाहिला. खाली बारीक अक्षरात लिहिले होते, टाके स्थानिक डॉक्टरांकडून काढून घेणे. टाके काढायला दहा मिनिटे लागली, आणि नातवाने जाऊन तिकीट रद्द केले.